उपजाती की उपप्रजाती?

म्हापशाहून एका शिक्षिकेने विचारले आहे: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्वचेवरच्या जिवाणूंचा तक्ता मराठीत करते आहे. 'सबस्पीशीज'ला उपजाती लिहू, उपप्रजाती की पोटजात?

उपजाती लिहा, ताई. सगळा घोळ 'प्रजाती' या शब्दाचा आहे. मराठी विश्वकोशात जीनस (जवळच्या जातींचा गट) म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. हिंदीत जीनसला वंश नि स्पीशीजला प्रजाति म्हणतात, आणि तो अर्थ आता आपल्या बातम्यांतही रुळला आहे. विश्वकोशाची परिभाषा धरली तर उपप्रजाती म्हणजे सबजीनस, ही पायरीच वेगळी.

मुरुमांवरून ज्याला नाव मिळाले तो जिवाणू तुमच्या तक्त्यात असणारच. तो पूर्वी प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस होता. २०१६ मध्ये त्याला क्युटिबॅक्टेरियम या नव्या प्रजातीत घातले (लॅटिनमध्ये क्युटिस म्हणजे कातडी). ॲक्नेस हे नाव मात्र टिकले. प्रजाती बदलली, जाती तीच! दोन्हींना प्रजातीच म्हटले तर ही साधी गोष्ट सांगायची कशी?

या जातीच्या तीन उपजाती आहेत: ॲक्नेस, डिफेन्डेन्स आणि एलोंगॅटम. एलोंगॅटम म्हणजे लांबलेला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी लांबट, तंतूंसारख्या दिसतात. डिफेन्डेन्स म्हणजे बचाव करणारा. जिवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंना अडवणारी क्रिस्पर यंत्रणा या गटात सापडते. नावांचे हे अर्थ तक्त्यावर जरूर लिहा, मुलांना फार आवडतात.

पोटजात नको. तो शब्द माणसांच्या उतरंडीला इतका चिकटला आहे की मुलांपुढे ठेवायला माझे मन घेत नाही. 'जाती'वरही ती सावली आहे हे खरे, पण फुलाची जात, माशाची जात आपण रोज म्हणतो. (उपजाती हे वृत्ताचेही नाव आहे, इंद्रवज्रा आणि उपेंद्रवज्रा यांच्या मिश्रणाचे. तिथे गोंधळ व्हायची भीती नाही.)

जिवाणूंच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेचा अंमल उपजातीपर्यंतच चालतो. त्याखालच्या 'स्ट्रेन'ला मी 'वाण' म्हणेन. गोव्यातल्या मुलांना तो समजवायला आंबा पुरे: मानकुराद आणि मुसराद यांना बाजारात आपण आंब्याच्या जाती म्हणतो, पण शास्त्राच्या हिशेबाने जाती एकच, मँजिफेरा इंडिका. हे दोन तिचे वाण.