पट्ट्यावरची दुसरी खूण

"मॅडम, या ब्रेसचा खरंच उपयोग होतो का हो? की पोरीला उगाच छळतोय आम्ही?" खुर्चीत टेकायच्या आतच आईनं विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगी आठवीत, पाठीच्या कण्याला ३१ अंशांचा बाक, त्यासाठी धडाभोवती आवळून घालायचा कडक ब्रेस दिवसाला १८ तास. सहा महिने घरात रोज भांडण.

आईला बाहेर बसवलं. मग मुलीनं कुर्ता जरा वर करून ब्रेस दाखवला. कुठवर आवळायचं ते कळावं म्हणून पट्ट्यावर पेनानं खूण केलेली असते. आई रोज सकाळी तीच बघायची. पोरीनं दोन बोटं अलीकडे तशीच दुसरी खूण केली होती!

"शाळेत बाथरूममध्ये काढते. वर्गात वेल्क्रो सैल केला की चर्रर्र वाजतं, सगळे वळून बघतात."

मग आम्ही कागदावर हिशोब मांडला. शाळा, क्लास, खेळ, आंघोळ वजा जाता उरले जेमतेम सहा तास. तेही सैल.

तिला मी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. १० ते १५ वर्षांची मुलं, बाक २० ते ४० अंश. वाढ पूर्ण होईपर्यंत बाक ५० अंशांच्या आत राहिला तर यश. ब्रेसवाल्यांत ते ७२ टक्के, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८. ब्रेसमध्ये तापमान मोजणारं यंत्र होतं, त्यामुळे थापा चालल्या नाहीत. रोज सुमारे १३ तासांच्या वर घालणाऱ्यांत यश नव्वदीच्या पुढे. सहा तासांपर्यंत घालणाऱ्यांत मात्र ब्रेस नसल्यासारखंच.

४८चा आकडा मी लपवत नाही. तिनं तोच पकडला. "मी त्यातली असेन तर?"

"असशीलही. पण ते आज कुणालाच सांगता येत नाही."

जरा वेळानं म्हणाली, "मग तेरा तासांत भागेल?" घासाघीस सुरू झाली म्हणजे निम्मं काम झालं, असा माझा अनुभव. पण तास कमी करणं माझ्या हातात नाही, तिच्याही नाही. प्रश्न डॉक्टरांकडे गेला, आणि तो तिनंच विचारला. त्यांनी शाळेचे तास सोडले. बाकी वेळ मूळ खुणेपर्यंत घट्ट. आईनं खूण तपासायची नाही, ही अट मी घातली. आईला ती फार जड गेली.

चार महिन्यांनी आईचा फोन. "मॅडम, ३३ आलेत! दोन अंश वाढले."

एक्स-रेवर बाक मोजताना पाच-एक अंशांचा फरक पडू शकतो, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. ब्रेस बाक वाढू नये म्हणून असतो, पाठ सरळ करायला नव्हे, हेही. पटायला दोन भेटी गेल्या. मुलीची अजून वर्ष-दीड वर्षाची वाढ बाकी आहे. पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर.