भाड्याच्या घरातली पुस्तकांची भिंत

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. हॉलच्या एका भिंतीवर पुस्तकांचं कपाट कसं करू, हा तुझा प्रश्न आणि त्या भिंतीचे फोटो मिळाले. त्यांच्याबरोबर नमुन्यादाखल पाठवलेले ते ‘होम लायब्ररी’चे फोटोही नीट पाहिले. जमिनीपासून छतापर्यंत कपाटं, सरकती शिडी, हिरवा मखमली सोफा आणि पुस्तकं इंद्रधनुष्याच्या क्रमानं लावलेली. एकाही पुस्तकातून खुणेची चिठ्ठी डोकावत नव्हती. तुझ्या दोनशे पुस्तकांत निदान पन्नास तरी चिठ्ठ्या असतील, बसची तिकिटं धरून. तेव्हा ते फोटो बाजूला ठेवू.

तुझी परिस्थिती अशी: ठाण्यातला वन बीएचके, अकरा महिन्यांचा करार, घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाही, हातात पंधरा हजार. यात उत्तम काम होतं. फक्त पैसा फळी, दिवा आणि खुर्ची या तिघांवरच घालायचा. ‘सजावट’ म्हणून वेगळा खर्च काढूच नकोस. या तिन्ही गोष्टी नीट जमल्या की खोली आपोआप सजते, आणि त्या फसल्या तर वर कितीही शोभेच्या वस्तू मांडल्या तरी ती दुकानासारखी दिसते. साधारण निम्मे पैसे कपाटाला, पाव हिस्सा खुर्चीला आणि उरलेल्यात दिवा, रंग, कापड.

आधी फळी. ऑनलाइन मिळणारं ते स्वस्त, भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं शेल्फ तुझ्या मनात आहे, हे कळलं. फोटोत छान दिसतं. त्यावर फुलदाणी ठेवायची असेल तर जरूर घे. पुस्तकं मात्र जड असतात. मीटरभर फळीवर साध्या बांधणीची पुस्तकं खच्चून लावली तर वीस ते तीस किलो वजन सहज होतं, आणि ते वजन फळीवर वर्षानुवर्षं तसंच बसून असतं. दोन फुटांची फळी तीन फुटांची केली तर लांबी दीडपट होते, पण तिचा बाक, म्हणजे मधोमध येणारा झोळ, दीडपट नाही, पाचपट होतो. उलट जाडी १२ मिलिमीटरवरून १८ वर नेली की बाक एक-तृतीयांशाहूनही कमी उरतो. म्हणून फळी आखूड आणि जाड हवी. भुशाच्या बोर्डाला पावसाळ्यातली दमट हवा लागली की कडा फुगतात, मग स्क्रूही पकड सोडतात. ठाण्याचा पावसाळा तुला मी सांगायला नको.

प्लायवूडचं शीट आठ फूट बाय चार फूट येतं. दुकानात तुझ्या मापानं मशीनवर कापून देतात. १८ किंवा १९ मिलिमीटरचं एकच शीट घे आणि दुकानदाराला आठ फूट लांबीच्या, दहा इंच रुंदीच्या चार पट्ट्या काढायला सांग. सात-साडेसात इंचांची पाचवी पट्टी उरेल, तीही घरी आण. आता चारपैकी दोन पट्ट्यांचे प्रत्येकी तीन समान तुकडे कर. म्हणजे जवळपास बत्तीस इंचांच्या सहा फळ्या झाल्या. उरलेल्या दोन पट्ट्यांतून पाच-पाच फुटांच्या दोन उभ्या बाजू काढ. सहा आडव्या, दोन उभ्या, की पाच कप्प्यांचं कपाट तयार. एका शीटमध्ये. शिवाय दोन्ही उभ्या पट्ट्यांचे तीन-तीन फुटांचे तुकडे उरतात. ते फेकू नकोस, त्यांच्याकडे पुढे येतो.

दहा इंच खोली कमी वाटेल. डेमी आकाराचं पुस्तक, म्हणजे आपल्या बहुतेक कादंबऱ्या आणि कथासंग्रह, साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद असतं. त्याला दहा इंच भरपूर झाले. खोल कपाटात पुस्तकांमागे पुस्तकं जातात आणि मागची रांग आपण विसरतो. वरचे तीन कप्पे दहा इंच उंच ठेव, चौथा अकरा आणि तळाला उरेल तेवढा, जवळपास बारा. तळाच्या कप्प्यात कोश, चित्रांची पुस्तकं आणि दिवाळी अंक. जड खाली असलं की कपाटही हलत नाही. पाचव्या पट्टीतून तीन इंचांचा पायटा, म्हणजे तळाशी लावायची आडवी पट्टी, काढ, म्हणजे लादी पुसताना ओल पुस्तकांपर्यंत पोचणार नाही.

प्लायच्या शीटवर ग्रेड छापलेला असतो. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा प्लाय, आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्यात टिकणारा. तुला ३०३ पुरेसा आहे, मरीनचे पैसे वाचव. भाव चौरस फुटाला सांगतात, त्याला ३२ ने गुण म्हणजे शीटची किंमत कळेल. आणि शीट उचलण्याआधी कडेनं डोळा लावून बघ, वाकलेलं असेल तर बदलून माग. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

सुताराला अर्ध्या दिवसाचं काम आहे. फेविकॉल आणि दोन इंची स्क्रू लावून जोड, नुसत्या खिळ्यांवर भागवू देऊ नकोस. पाठीला सहा मिलिमीटरचा प्लाय हवाच. त्यात काटकसर करशील तर कपाट डावी-उजवीकडे डुलेल. पाठ ठोकण्याआधी दोन्ही कर्ण टेपनं मोज. दोन्ही मापं सारखी आली तरच चौकट काटकोनात आहे. कमी-जास्त आली तर लांब कर्णाच्या टोकांवर दाब दे, सारखी कर आणि मग पाठ ठोकू दे. पाच फूट उंच आणि पावणेतीन फूट रुंद कपाट लिफ्टमध्ये उभं मावतं, टेम्पोत आडवं जातं, आणि बुटकं असल्यामुळे भिंतीला न ठोकताही भक्कम उभं राहतं. घर बदलशील तेव्हा मला दुवा देशील. पुढे याच मापाचं दुसरं कपाट करून शेजारी ठेवलंस की भिंत भरली.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. बाहेरून आणि फळ्यांना काहीही रंगवू नकोस. काचकागदानं घासून पारदर्शक वॉर्निशचे दोन हात दे. कापलेल्या कडांवर प्लायचे थर दिसतात, ते दिसू देत, मला ते आवडतात. फक्त पाठीच्या आतल्या बाजूला एक गडद रंग लाव: विटकरी, बाटलीहिरवा किंवा जवळजवळ काळा वाटेल असा निळा. पुस्तकांचे कणे बहुधा पांढरे, पिवळे, लाल असतात, ते गडद पार्श्वभूमीवर उठून दिसतात. यासाठी रंगाचा अगदी लहान डबा पुरतो. त्या महागड्या फोटोंमधली जी गोष्ट तुला आवडली आणि नेमकी सांगता आली नाही, ती हीच असावी असा माझा अंदाज आहे.

जागा कुठली? तू दाखवलेली भिंत पलीकडून बाथरूमची आहे. तिथे नको. तिच्या कोपऱ्यात फुगलेला रंग फोटोतही दिसतोय. समोरची भिंत घे, आणि तिथेही कपाट दोन इंच पुढे ठेव, मागून हवा खेळू दे. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन पुस्तकांवर थेट येता कामा नये. उन्हानं लाल आणि पिवळा रंग आधी उडतो, निळा मागे राहतो. म्हणून तर रस्त्याकडेच्या दुकानांतली जुनी पोस्टरं निळीशार झालेली असतात. खिडकीला मांजरपाटाचा पडदा शिव. मीटरवर मिळतो, धुतला की मऊ पडतो आणि ऊन गाळून आत सोडतो. आईची जुनी इरकल असेल तर तीही चालेल, पण आईला विचारून.

दिवा. हॉलमधली पांढरी ट्यूब वाचायला बसल्यावर बंद करायची. २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, साधारण नऊ वॉटचा एलईडी बल्ब आणि मान वळणारा एक साधा टेबललॅम्प, एवढंच. तू टिपणं काढत वाचतोस, म्हणून उजव्या हातानं लिहिताना सावली पडू नये असा प्रकाश डाव्या खांद्यावरून आला पाहिजे. कपाटात पट्टीचे रंगीत दिवे लावायचा विचार असेल तर तो सोडून दे. मिठाईच्या दुकानात ते शोभतात.

खुर्ची मात्र नवी घेऊ नकोस. जुन्या फर्निचरवाल्याकडे सागवानी, वेताच्या बैठकीची खुर्ची शोध. वेत तुटलेला असेल तर भाव आणखी पडतो, आणि वेत विणून देणारे कारागीर अजून सापडतात. घेण्याआधी तिच्यावर चांगला अर्धा तास बसून बघ. दुकानदाराशी गप्पा मार, तेवढ्यात पाठ काय ते सांगेल. उशीला खणाचं कापड लाव. आणि ते उरलेले तीन फुटी तुकडे? एकाला पाय लावून पायाखालचं बाकडं कर, दुसरा खिडकीखाली चार विटांवर ठेव: चहाचा कप, चष्मा, सध्या चालू असलेलं पुस्तक.

आता मांडणी. रंगांच्या क्रमानं लावू नकोस. हा काही निव्वळ सोवळेपणा नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलं असं की पुस्तकं वापरासाठी असतात, आणि चौथं असं की वाचकाचा वेळ वाचवा. तुझ्या घरात वाचकही तूच आणि ग्रंथपालही तूच. रात्री अकराला एखादी कविता आठवली तर कवीच्या नावानं हात गेला पाहिजे, ‘कव्हर पोपटी होतं बहुतेक’ असं पुटपुटत शोधायची वेळ येऊ नये. कथा, कविता, इतिहास असे ढोबळ गट कर, त्यात लेखकवार लाव. दोनशे पुस्तकांना दशांश वर्गीकरण, म्हणजे ग्रंथालयातले ते विषयवार आकडे, लावत बसू नकोस, तो छंद मला होता आणि त्याचा पगार मिळत होता. प्रत्येक कप्प्यात वीतभर जागा मोकळी सोड. नवी पुस्तकं येणारच आहेत, आणि दाटीवाटीत ओलही धरते. पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढायचं नाही. शेजारची दोन आत ढकल आणि मधलं कण्याच्या मध्यावर धरून काढ.

मोकळ्या जागेत पुस्तकं लवंडू नयेत म्हणून टेकू लागतो. बाजारातले हत्तीघोडे घेऊ नकोस. जुन्या बाजारात वाण्याची लोखंडी वजनं मिळतात. दोन किलोचं एक माप, तळाला फेल्टचा तुकडा चिकटवला की काम झालं. लोखंडी खलबत्ताही उत्तम. दिवाळी अंक उभे राहत नाहीत, त्यांना खोकी लागतात. कॉर्नफ्लेक्सचं मोठं खोकं तिरकं काप आणि वर कागद चिकटव. पुण्याला गेलास तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून दोन-चार ताव आण. ती संस्था १९४० पासून हातकागद बनवते आहे, आणि त्या कागदानं खोक्यांचा नूरच पालटतो.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यात कर. सगळी पुस्तकं एकदा काढून कोरड्या फडक्यानं पूस, कपाट रिकामं ठेवून पंख्याखाली वारा दे. कडुलिंबाचा सुकलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंड्यांत बांधून फळ्यांच्या मागे ठेव, दरवर्षी बदल. कसर, म्हणजे पुस्तकं खाणारी कीड, ओल आणि खळ यांच्या मागावर असते, म्हणून घरच्या खळीनं काही चिकटवू नकोस. प्लास्टिकची कव्हरं काढून टाक, आत दमटपणा कोंडतो. तपकिरी कागद बरा.

खरेदीचं म्हणशील तर सगळ्यात मोठी बचत तुझ्या गावातच आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. त्याचा सभासद हो, तिथून वाच, आणि जे पुन्हा वाचावंसं वाटेल तेवढंच विकत घे. चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात सरकारी प्रकाशनं इतक्या कमी किमतीत मिळतात की संकोच वाटतो. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर घासाघीस कर. पण कपाट भरलेलं दिसावं म्हणून रद्दीतून जाडजूड इंग्रजी ग्रंथ आणू नकोस. रिकामा कप्पा मला चालतो, खोटा भरलेला चालत नाही.

राहता राहिला काचेच्या दारांचा प्रश्न. धूळ कमी बसते, हे खरं. पण दारं बंद राहतात, पावसाळ्यात आत बुरशी धरते, आणि सरकत्या काचांना कपाटाइतकाच खर्च येईल. एक पावसाळा उघड्यावर काढ. तेवढ्यात किती धूळ येते ते दिसेल, मग काचांचं बघू. शनिवारी प्लाय बघायला जाणार असशील तर आधी कापण्याचा आराखडा काढून मला फोटो पाठव, दहा इंचांच्या जागी बारा लिहिलेलं असेल तर तिथेच पकडता येईल.

तुझा,
सर