वॉरफरिन चालू असताना दाढेसाठी मेट्रोनिडॅझोल आणि कॉम्बिफ्लाम

तुम्ही लिहिलंय की बाबांची हृदयाची झडप बदललेली आहे, ते रोज वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेतात आणि कोथरूडच्या डेंटिस्टनी दाढेसाठी मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक आणि कॉम्बिफ्लाम ही दुखण्यावरची गोळी दिलीय. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय यातली एकही नवी गोळी देऊ नका. आणि वॉरफरिनही आपल्या मनाने बंद करू नका, झडपेवर गुठळी धरली तर फार महागात पडेल.

मेट्रोनिडॅझोलमुळे यकृतात वॉरफरिन मोडण्याचं काम मंदावतं. गोळी रोजचीच, पण रक्तात साठत जाते आणि काही दिवसांत आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा, चढतो. माझ्या आईचं हेच झालं. सकाळी दात घासताना बेसिन लाल झालं, तिला वाटलं ब्रश कडक आहे. आयएनआर 6 च्या वर निघाला. एरवी अडीच-तीनच्या आसपास असायचा. दोन्ही डॉक्टर चांगले होते, पण एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलीच नव्हती, आणि ती दाखवायचं आम्हालाही सुचलं नाही.

कॉम्बिफ्लाम नावात कळत नाही, पण पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा: आयबुप्रोफेन 400 मिग्रॅ, पॅरासिटामॉल 325 मिग्रॅ. आयबुप्रोफेन पोटाच्या अस्तराला दुखावतं, रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेटचं कामही अडवतं. म्हणून औषधं जुळतात का हे बघताना ब्रँड नको, घटकांची नावं घ्या. इंटरनेटवर तपासतानाही तीच टाका. मेडिकलवाल्याने बदली कंपनीची पट्टी दिली तरी ही नावं बदलत नाहीत. घरात काढा, आयुर्वेदिक गोळ्या चालू असतील तर त्याही यादीत हव्यात.

फोनवर नुसतं ‘चालेल का?’ विचारू नका. वॉरफरिन किती मिग्रॅ, शेवटचा आयएनआर किती आणि कोणत्या तारखेचा, नवीन औषधं कोणती, किती दिवस, हे सांगा. कदाचित अँटिबायोटिक बदलतील, कदाचित तेच ठेवून दोन-तीन दिवसांनी आयएनआर करायला सांगतील. दुखण्यासाठी नुसतं पॅरासिटामॉल किती द्यायचं, तेही त्यांनाच विचारा.

काळी शी, लघवीत रक्त, डोक्याला मार किंवा अचानक भयंकर डोकेदुखी झाली तर फोनाफोनी न करता थेट कॅज्युअल्टीत न्या.

झडपेच्या पेशंटने दाढेचं इन्फेक्शन अंगावर काढायचं नसतं, म्हणून फोन आजच करा. डॉक्टर भेटले नाहीत तर जिथे ऑपरेशन झालं तिथे फोन लावून हृदयविभागाचे ड्यूटीवरचे डॉक्टर मागा.