'बाबांचं नाव काढलं की आई रडते'

माणूस गेल्यावर घरात त्याचा विषय काढावा की टाळावा, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी बरेच जण येतात. त्यातलाच हा एक अनुभव. घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तो पुण्यात आयटीत, पस्तिशीचा. वडील सांगलीकडे एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना झोपेतच गेले. मुलानं आईला पुण्याला आणलं. महिन्याभरात बाबांचे कपडे वाटून टाकले, फोटो कपाटात ठेवला आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना सांगितलं, आईला फोन करू नका. वर्षश्राद्ध दोन महिन्यांवर आलं होतं. सरांच्या आठवणी सांगायला सगळे जमू या, असं विद्यार्थ्यांनी कळवलं. याला ते नको होतं.

"आई कोसळेल, मॅडम. ती अजून डिनायलमध्येच आहे. पहिलीच पायरी."

दुःखाच्या या पाच पायऱ्यांनी (नाकारणं म्हणजे डिनायल, मग राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) माझं काम फार वाढवून ठेवलंय! मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या, त्याही मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या पुढे सरसकट चिकटवल्या गेल्या. शोकाचा अभ्यास करणारे संशोधक स्ट्रोब आणि शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं मला जास्त पटतं: माणूस दुःख आणि रोजचा व्यवहार यांत सारख्या येरझाऱ्या घालत असतो. सकाळी रडलेली बाई दुपारी भाजीवाल्याशी घासाघीस करते. तिचं दोन्ही खरं असतं.

त्याच्या आईला, काकूंना, मी मुलाशिवाय भेटले. झोप, जेवण, जगणं नकोसं वाटतं का, हे आधी स्पष्ट विचारलं. तसं काही असतं, किंवा इतक्या महिन्यांनंतरही रोजचं जगणं ठप्प असतं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. (मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे, मोफत.) पण काकू सकाळी फिरायला जात होत्या, नातीची वेणी घालत होत्या. मग मी सरांबद्दल विचारलं.

त्यांनी पिशवीतून एक बुशशर्ट काढला. कपडे वाटले तेव्हा तांदळाच्या डब्यामागे लपवलेला. खिशात खडूचा अर्धा तुकडा होता आणि खिशाची शिवण आतून पांढरी झालेली.

"धुवायला टाकताना रोज खडू निघायचा. रोज बोलायचे मी ह्यांना. हा तेवढा तपासायचा राहिला." मग शर्टाची घडी घालत म्हणाल्या, "घरात ह्यांचं नाव काढायची चोरी झालीय बघा. मी बोलायला लागले, की तो उठून आत जातो. त्याला सोसत नाही. म्हणून गप्प बसते."

पुढच्या वेळी दोघांना समोरासमोर बसवलं. मुलाला म्हटलं, आईला काय झेपेल ते तुम्ही ठरवू नका, तिलाच विचारा. फार वेळ गेला विचारायला. काकू लगेच म्हणाल्या, "येऊ दे की पोरांना. पण हॉल नको आणि हारतुरे नकोत. तिकडं आपल्या घरच्या ओट्यावर बसतील, रविवारी बसायची तशी."

मी एकच सुचवलं: सरांना देवमाणूस करू नका. गौरवाची भाषणं झाली की घरच्यांना आपलं माणूस त्यात सापडत नाही.

त्या दिवशी काय झालं, ते मुलानंच सांगितलं. तीसेक जण आले. काकूंनी पोहे केले, नेहमीच्याच मोठ्या पातेल्यात. एक जण भरल्या गळ्यानं सांगत होता, भर पावसात सरांनी स्वतःची छत्री मला दिली आणि स्वतः भिजत गेले. काकू पोहे वाढता वाढता थांबल्या.

"दिली कसली, विसरले होते तुझ्याकडे! घरी आल्यावर माझी बोलणी खाल्ली त्यांनी."

ओटा हसून हसून लोटपोट झाला. काकूही डोळे पुसत हसत होत्या. "मला मात्र तिथं बसवेना," तो म्हणाला. "स्वयंपाकघरात गेलो आणि वर्षभरात पहिल्यांदा रडलो. आई आली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, चल बाहेर, पोहे कमी पडतायत, कांदे चिर."