उंदीर वात नेईल

चि. पोरीला अनेक आशीर्वाद,

तलाठ्याची ऑर्डर आली हा तुझा मेसेज वाचला आणि खरंच डोळ्यात पाणी आलं. डीपीला महाराजांचा फोटो आहेच, आता ऑफिसात पण लावणार म्हणालीस, लाव की. पण त्याआधी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं पत्र शोधून वाच. १६७० च्या दशकातलं आहे, भाषा जुनी आहे, दोन-तीनदा वाचलं की कळतं.

त्यात तलवारबिलवार काही नाही गं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा, गवत कसं पुरवून वापरायचं ते आहे. आत्ता उधळलंत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, मग तुम्ही कुणब्यांच्या मागे लागाल, कोणी दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी जळणाची फाटी, कोणी भाजी, आणि जे कुणबी कसेबसे घर धरून राहिलेत ते पण उठून जातील, त्यांना तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. पुढे म्हणतात, रात्री घरात दिवा तसाच ठेवू नका, उंदीर वात नेईल आणि आग लागेल. एवढं राज्य उभं करणारा माणूस उंदराचा पण विचार करतोय! मी त्या ओळीवर कितीतरी वेळ थांबलो होतो.

पण मला खरं लागलं ते 'कोणी भाजी'. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक म्हातारी वारस नोंदीसाठी यायची, नवरा गेलेला, कागद सगळे पूर्ण, नोंद धरायला दहा मिनिटं लागली असती आणि मी आपलं 'पुढच्या आठवड्यात या' म्हणत राहिलो. तिसऱ्या खेपेला तिनं टेबलावर गवारीची पिशवी ठेवली. कोवळी गवार, देठं अजून ओली. मी घेतली, आणि काम त्याच दिवशी केलं. मागितली कुठे होती, प्रेमानं दिली, असं मनाला समजावलं. पत्र वाचलं ते खूप वर्षांनी, तोवर ती राहिली नव्हती.

तुझ्याकडे पण हुरडा येईल, आंबे येतील. प्रेमानं की धाकानं हे पिशवीकडे बघून कळत नाही, म्हणून एकच बघायचं, त्या माणसाचं काही काम आपल्याकडे अडलंय का. अडलं असेल तर पिशवी परत. आणि कागद कमी असतील तर सगळे एकदमच चिठ्ठीवर लिहून दे, एकेक सांगून खेपा घालायला लावू नकोस, येणाऱ्याची रोजाची मजुरी बुडते.

जॉइन झालीस की पहिल्या आठवड्यात दप्तर उघड, किती वारस नोंदी पडून आहेत ते मोज आणि मला फोन कर.

तुझा काका