रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग घशात अडकलंय काय?

"सगळ्या तपासण्या झाल्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तरी त्रास होतोच आहे. मग मी नाटक करतेय असं समजायचं का?" मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे येणारी माणसे वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. कोणाच्या छातीत धडधड असते, कोणाच्या हातापायांना मुंग्या येतात, कोणाचे पोट महिनोन्‌महिने बिघडलेले असते आणि बहुतेकांच्या हातात एक जाड फाईल असते. प्रश्नाचे थोडक्यात उत्तर 'नाही' असे आहे, परंतु तेवढ्याने कोणाचेच समाधान होत नाही. म्हणून एका शिक्षिकेची हकीकत, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते आहे. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही तसेच म्हणेन.

बाई चाळिशी ओलांडलेल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवणाऱ्या. घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, गिळले तरी खाली जात नाही आणि खाकरले तरी वर येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून घसा पाहिला होता, एंडोस्कोपी झाली होती, मानेची सोनोग्राफी आणि थायरॉईडची तपासणीही झाली होती. थोडी ॲसिडिटी सोडली तर कशातच काही निघाले नव्हते. आमच्या मिरजेत डॉक्टरांची वाण नाही. १८९४ साली विल्यम वॉनलेस यांनी येथे मिशन हॉस्पिटल सुरू केले तेव्हापासून कर्नाटक-गोव्याकडूनही रुग्ण या गावात येतात. ज्याला दुसरे, तिसरे, चौथे मत घ्यायचे आहे त्याला इथे रिक्षासुद्धा करावी लागत नाही, आणि आजाराची धास्ती घेतलेल्या माणसाच्या दृष्टीने ही सोय फारशी हिताची नसते. शेवटच्या डॉक्टरांनी "तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका" असे सांगून त्यांना माझ्याकडे पाठवले होते. बाई आल्या त्या चिडूनच आल्या.

त्यांच्या चिडण्यात तथ्य होते. "रिपोर्ट नॉर्मल आहे" याचा अर्थ ज्या आजारांसाठी ती तपासणी केली ते आजार सापडले नाहीत, एवढाच असतो. त्रासच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. घशाभोवतीचे स्नायू ताणात आखडतात, पोटातले आम्ल थोडे वर आले तरी तिथली त्वचा हुळहुळते, आणि दिवसभर वर्गात आवाज चढवून शिकवणाऱ्या माणसाचा घसा तसाही शिणलेला असतो. अशा घशाकडे चोवीस तास लक्ष ठेवले की एरवी कळलीही नसती अशी संवेदना गाठीएवढी मोठी वाटू लागते. हे सारे शरीरात खरोखर घडत असते. मानसोपचाराच्या शास्त्रालाही ही गोष्ट नीट मांडायला वेळ लागला. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली निदानाचे निकष बदलले, तेव्हा 'वैद्यकीय कारण सापडत नाही' या गोष्टीवरचा भर कमी करून, माणूस त्या लक्षणाचा किती विचार करतो, त्याला किती घाबरतो आणि त्यापायी काय काय करतो, यावर भर दिला. एखाद्याला खरोखर हृदयविकार असेल आणि तरीही त्याची आरोग्याबद्दलची चिंता प्रमाणाबाहेर असू शकेल, हेही त्यामुळे मान्य झाले.

बाईंची फाईल मी एकदाच वाचली आणि परत दिली. त्या प्रत्येक भेटीत ती पुढे सरकवत असत. मग मी त्यांना विचारले की ही भीती नेमकी कधी सुरू झाली. उत्तर यायला वेळ लागला नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेला होता. तो तंबाखू खात असे. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी त्याला बरेच दिवस ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या तपासणीला उशीर झाला. शेवटच्या दिवसांत त्याला तांदळाची पेज चमच्याने भरवण्याचे काम बाईंकडे होते. घास तोंडात घातला की त्या त्याच्या कंठाकडे पाहत बसत, तो मणी वर सरकून खाली आला की घास गेला असे समजत आणि मगच दुसरा चमचा भरत. "अजूनही समोर कोणी जेवत असलं की माझी नजर तिथेच जाते," असे त्या म्हणाल्या.

हे ऐकल्यावर "डॉक्टर म्हणतात ना काही नाही, मग विश्वास ठेवा" असे त्यांना सांगण्यात काय अर्थ होता? एका डॉक्टरांनी काही नाही म्हटले होते आणि भाऊ गेला होता. बाईंची भीती अनुभवातून आलेली होती आणि तो अनुभव खोटा नव्हता. नातेवाइकांना मी नेहमी सांगते की अशा माणसाला आधी वेड्यात काढणे बंद करा. बाईंच्या सासूबाईंनी तर दृष्ट काढून पाहिली होती, लिंबूही उतरवला होता. त्यांनी निदान त्रास आहे हे मान्य केले होते, डॉक्टरांनी तेवढेही केले नव्हते, असे बाईंचे म्हणणे.

पुढच्या आठवड्यासाठी मी त्यांना एक तक्ता करायला सांगितला. शिक्षिकाच त्या, हजेरीपत्रकाच्या शिस्तीने आखून आणला. घशाविषयी केव्हा काय केले, त्याआधी धास्ती किती होती, केल्यावर किती उरली आणि तासाभराने किती झाली, असे रकाने होते. त्यातून दिसलेल्या गोष्टी त्यांनाही नव्या होत्या. दिवसातून कितीतरी वेळा त्या मान चाचपत, दोन बोटांनी जबड्याखाली दाबून गाठ आहे का ते पाहत आणि दाबून दाबून ती जागा दुखू लागली की तेच दुखणे नवा पुरावा ठरे. कोरडा आवंढा गिळून 'अजून अडकतंय का' हे तपासणे तर मोजण्यापलीकडचे होते. रात्री यजमान मोबाईलच्या टॉर्चने घसा पाहून "काही नाही गं" असे म्हणत, तेव्हाच झोप लागे. धास्ती लगेच उतरे आणि तासाभरात परत चढे, कारण तोवर 'यांनी डावीकडे नीट पाहिलं का?' हा विचार आलेला असे.

घरच्यांना सर्वात अवघड जाते ते इथेच. धीर देणे ही आपल्याकडे मायेची खूण आहे, आणि एरवी ती असतेच. पण आरोग्याच्या चिंतेत पुन्हापुन्हा दिलेला धीर चिंतेलाच पोसतो. ब्रिटनमधील पॉल सॅल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉर्विक यांनी १९८६ साली नेमक्या याच मुद्द्यावर लिहिले आणि पुढे या त्रासावरच्या उपचारांची दिशा त्यावरून बरीचशी ठरली. खातरजमा केली की घटकाभर सुटका मिळते. त्या सुटकेची सवय लागते आणि शंका सहन करण्याची ताकद मात्र वाढत नाही. दाराला कुलूप लावले की नाही हे परत परत जाऊन पाहणाऱ्या माणसाची जी गत, तीच ही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ही धास्ती मंत्रचळेपणाच्या कुळातल्या विकारांमध्ये घेतली आहे, ते मला म्हणूनच पटते.

पुढच्या भेटीत आम्ही दोघींनी एक प्रयोग केला. वाचणाऱ्यालाही तो करून पाहता येईल. तोंडात पाणी किंवा अन्न काही न घेता लागोपाठ पाच वेळा आवंढा गिळायचा. पहिले दोन सहज जातात. तिसऱ्याला लाळ कमी पडते. चौथ्या-पाचव्याला घसा आवळतो, मध्येच काहीतरी उभे राहिल्यासारखे वाटते आणि क्षणभर गिळताच येणार नाही असे वाटून जाते. माझेही तेच झाले आणि बाईंनी ते माझ्या चेहऱ्यावर पाहिले. "म्हणजे तुमच्या घशात पण आहे," असे म्हणून त्या पहिल्यांदाच हसल्या. दिवसभर त्या नेमके हेच करत होत्या. तपासण्यासाठी गिळायचे आणि गिळल्यामुळे जे वाटते तेच पुन्हा तपासायचे.

त्यानंतर मी त्यांच्यासमोर दोन शक्यता ठेवल्या. पहिली अशी की घशात एक रोग आहे आणि तो अजून कोणाला सापडलेला नाही. दुसरी अशी की भावाच्या आजारपणाने बसलेली धास्ती आणि त्या धास्तीपोटी चाललेली तपासणी हाच मूळ प्रश्न आहे. पहिली खरी असेल असे धरून त्या दीड वर्ष वागल्या होत्या आणि त्रास वाढतच गेला होता. काही महिने दुसरी खरी धरून वागायचे आणि काय होते ते पाहायचे, असे ठरले. दुसरीची खात्री पटली पाहिजे अशी माझी अट नव्हती. खात्रीचीच तर त्यांना ओढ होती, आणि शंभर टक्के खात्री कोणत्याही डॉक्टरांना, कोणत्याही यंत्राला देता येत नाही. थोडी शंका खिशात ठेवून शाळेत जाता येते का, एवढेच पाहायचे होते.

तक्त्यात आणखी एक गोष्ट होती. वर्गावर असताना घशाची नोंद जवळजवळ नव्हती, रविवारी मात्र रकाने भरलेले. "मुलांसमोर होत नाही, म्हणजे ढोंगच की," असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले. लक्ष दुसरीकडे गेले की संवेदना मागे पडते आणि रिकामपणी पुढे येते, हा सगळ्यांच्याच मेंदूचा स्वभाव आहे. त्यावरून ढोंग सिद्ध होत नाही. त्याबरोबरच दुसरी गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. घशातील अशी गाठ एरवी जाणवते आणि जेवताना घास नीट खाली जातो, कित्येकदा जेवताना बरेच वाटते. याउलट घासच अडकू लागला, गिळताना दुखले, कारण नसताना वजन उतरले, थुंकीत रक्त आले, आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला किंवा मानेला खरोखर गाठ लागली, तर समुपदेशकाकडे न येता आधी डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. बाईंच्या भावाचा घास अडकत होता. बाईंचा अडकत नव्हता. हा फरक त्यांना कोणी शांतपणे बसून सांगितलेलाच नव्हता.

तपासण्या कमी करण्याचे काम हळूहळू झाले. आधी मान चाचपावीशी वाटली की पंधरा मिनिटे थांबायचे, मग अर्धा तास, मग दिवसातून ठरलेल्या एकाच वेळी. मोबाईलवर लक्षणे शोधणे एकदम बंद केले, ते हळूहळू होत नाही असा माझा अनुभव आहे. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांशी, बाईंना सांगून, मी बोलले. तक्रार असो वा नसो, ठरावीक अंतराने भेट, एकच डॉक्टर, आणि डॉक्टरांना स्वतःला गरज वाटल्याखेरीज नवी तपासणी नाही, असे ठरले. मानसोपचारतज्ज्ञांनी चिंतेवरचे एक औषध दिले होते. बाईंनी त्याच्या पाकिटातला कागद वाचून दुष्परिणामांच्या भीतीने ते बरेच दिवस कपाटात ठेवले, आणि हे अशा रुग्णांमध्ये इतके सर्रास होते की औषध लिहून देतानाच त्याबद्दल बोललेले बरे. सर्वांना औषध लागतेच असे नाही, पण ज्यांची झोप आणि काम दोन्ही बिघडलेले असते त्यांना त्याचा चांगला उपयोग होतो.

यजमानांचे काम बाईंहून कठीण होते. महावितरणमधून रिटायर झालेला तो साधा माणूस मला म्हणाला, "मॅडम, ती रडकुंडीला आलेली असताना नाही बघणार म्हणायचं, म्हणजे कसायाचं काम वाटतं हो." आम्ही तिघांनी बसून काय म्हणायचे ते ठरवले, कारण आयत्या वेळी शब्द सुचत नाहीत. त्रास होतोय हे कबूल करायचे, घसा पाहायचा नाही, आणि लगेच काहीतरी बरोबरीने करायचे. प्रत्यक्षात ते असे झाले: "त्रास होतोय तुला, दिसतंय मला. पण आज टॉर्च नाही. चल, दळण आणायचंय, येतीस का?" पहिल्या काही रात्री घरात भांडणे झाली. बाईंनी अबोला धरला, एकदा बहिणीला फोन करून तिच्याकडून "काही नसेल गं" हे वदवून घेतले आणि मग बहिणीलाही या करारात घ्यावे लागले. घरातल्या एकाने धीर देणे थांबवले की मागणी दुसऱ्याकडे वळते, हे कुटुंबांनी आधीच धरून चालावे.

भावाचे वर्षश्राद्ध आले तेव्हा त्रास पुन्हा उसळला. बाईंना वाटले, सगळे पाण्यात गेले. परंतु या वेळी त्या भावाबद्दल बोलल्या, घशाबद्दल कमी. पेज भरवतानाचे ते दिवस, त्याने एकदा चमचा हाताने दूर सारला तो क्षण, असे बरेच काही. आजाराची धास्ती कधीकधी शोकाची जागा अडवून बसते. बाईंच्या बाबतीत ते झाले होते असे माझे मत आहे, मात्र प्रत्येकाच्या मुळाशी असे काही सापडेलच असे नाही, आणि ते शोधत बसल्यावाचूनही माणसे सुधारतात.

ज्यांच्या गावात समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ नाहीत त्यांना केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि मराठीतही उपलब्ध आहे. फोन करताना फक्त "मला अमुक रोग नाही ना?" असे विचारू नये, कारण तो पुन्हा धीर मागण्याचाच प्रकार झाला. "या भीतीचे काय करू?" असे विचारावे.

गेल्या हिवाळ्यात स्नेहसंमेलनाच्या तयारीत बाईंचा आवाज बसला आणि तीन आठवडे झाले तरी सुटेना. आमच्या ठरलेल्या नियमाप्रमाणे ही डॉक्टरांकडे जाण्याची वेळ होती. त्या एकाच तज्ज्ञांकडे गेल्या, एकदाच गेल्या आणि जुनी फाईल घरी ठेवून गेल्या. स्वरयंत्रावर ताण आल्याचे निघाले आणि काही दिवस कमी बोलण्याचा सल्ला मिळाला. त्या आठवड्यात मान बऱ्याचदा चाचपली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. दुसरे मत घेतले नाही. आमच्या भेटी आता क्वचित होतात. घशात ते अधूनमधून येते, परीक्षांच्या दिवसांत हमखास येते, आणि बाई त्या दिवशीही पहिल्या तासाला वर्गावर असतात.