"कुठे जाणार?" विचारलं आणि सगळे गप्प: सँडबॉक्सबद्दल तुमचे प्रश्न

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या रोलप्लेइंग खेळात सँडबॉक्स म्हणजे खेळ चालवणाऱ्याने (डंजन मास्टर, म्हणजे डीएम) गोष्ट न ठरवता प्रदेश ठरवायचा आणि प्लेअर जातील तिकडे खेळ न्यायचा. या वेळची बहुतेक पत्रं त्याच्यावरच आहेत.

दोन महिने खपून अख्खं राज्य उभं केलं. अकरा गावं, राजघराण्याची वंशावळ, सगळं. पहिल्याच सेशनला विचारलं, "कुठे जाणार?" पाचही जण एकमेकांची तोंडं बघत बसले. माझं काय चुकलं? (नाशिक)

वंशावळ. अनोळखी गावात एसटीतून उतरलेल्या माणसाला "कुठे जायचंय?" विचारलं तर तो काय सांगणार? काहीच माहीत नसलेल्या अकरा गावांतून एक सांगणं म्हणजे डोळे मिटून चिठ्ठी उचलणं. ठरवायला दोन गोष्टी लागतात, गरज आणि माहिती. तुमच्या प्लेअरकडे दोन्ही नव्हत्या.

गरजेची सोय १९७४ च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्समध्येच होती. खजिना मिळवला की त्याच्या किमतीइतके अनुभवाचे गुण. राक्षस मारूनही गुण मिळत, पण मोठा वाटा खजिन्याचाच. त्यामुळे डीएमने ढकलायची वेळच येत नसे, प्लेअरच विचारत, "सोनं कुठे आहे?" तुम्ही नवी आवृत्ती खेळत असाल तरी हा नियम उचला. नाहीतर पहिल्याच दिवशी पात्रांच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज ठेवा.

माहिती म्हणजे अफवा. सुरुवातीला तीन पुरतात, पण प्रत्येकीत जागा, आमिष आणि धोका हे तिन्ही हवं. "उत्तरेला जुना बुरूज आहे" ही अफवा नाही, भूगोल आहे. "उत्तरेच्या पडक्या बुरुजावर रात्री दिवा दिसतो, आणि मिठाचे तांडे तिकडून जायचे बंद झालेत. एक तांडा तर मालासकट तिथेच राहिला म्हणतात." आता टेबलावर वाद सुरू होईल. दुसरी अफवा अशी द्या की दोन्हीकडे एकाच आठवड्यात जाता येणार नाही. मग बघा, गप्प कोण बसतं ते.

खोट्या अफवा द्याव्यात का, असा प्रश्न आता पडेल. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या निर्मात्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याच्या 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' या छापील साहसातल्या अफवांच्या तक्त्यात काही सरळ खोट्याच आहेत. मी अर्धवट खऱ्या देतो. बुरुजावर दिवा खरंच असतो, पण तो भुताचा नसून चुंगी बुडवणाऱ्यांचा निघतो. अख्खी संध्याकाळ घालवून हाती काहीच लागलं नाही, तर पुढच्या अफवेवर कोण विश्वास ठेवेल?

नोकरी सांभाळून किती तयारी करू? मला तर नकाशाही काढता येत नाही. (कोथरूड, पुणे)

सेशन संपताना विचारा, "पुढच्या वेळी कुठे?" आणि तेवढंच तयार करा.

नकाशासाठी षट्कोनी घरांचा कागद घ्या, एक षट्कोन म्हणजे सहा मैल. जुन्या हिशोबाने मोकळ्या रानात दिवसाला २४ मैल, जंगलात १६, डोंगरात १२. म्हणजे मैदानात चार षट्कोन, डोंगरात दोनच. मुख्य गावाभोवती तीन वेढे काढले की गाव धरून ३७ षट्कोन होतात. त्यातले दहा-बारा भरा, बाकी रान राहू द्या. आणि नकाशाची लाज कसली? १९७४ च्या नियमांनीच रानातल्या भटकंतीसाठी 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या दुसऱ्याच कंपनीच्या खेळाचा बोर्ड वापरा, असं सुचवलं होतं.

पहिल्या लेव्हलचे प्लेअर थेट ड्रॅगनच्या दरीकडे निघालेत. ड्रॅगन लहान करू का? (न्यू जर्सी)

अजिबात नको. ड्रॅगन लहान केलात की त्यांच्या निवडीला अर्थ उरला नाही. मात्र दरीच्या आधी जळालेली झाडं, रिकामं पडलेलं गाव, वितळून दगडाला चिकटलेली ढाल दिसायलाच हवी. एवढं बघूनही पुढे गेले तर त्यांची मर्जी.

शिवाय गाठ पडली म्हणजे लढाईच, असं कुठे आहे? १९८१ च्या बेसिक नियमांत समोरचा कसा वागेल हे दोन फासे टाकून ठरतं. तात्काळ हल्ला फक्त बेरीज दोन आली तर, म्हणजे छत्तीसात एकदा. सहा ते आठ, म्हणजे छत्तीसात सोळा वेळा, तो नुसता साशंक असतो. पोट भरलेल्या ड्रॅगनशी बोलता येतं, त्याला लाचही देता येते. माझ्या टेबलावर एका गटाने त्याला महिना दोन गाई कबूल केल्या आणि पुढची चार सेशनं गाई चोरण्यात घालवली.

आठ जण आहोत, पण एका रविवारी चारच जमतात. (ठाणे)

बेन रॉबिन्स या डीएमचा 'वेस्ट मार्चेस' नावाचा सँडबॉक्स असाच चालायचा. ठरलेला वार नाही, ठरलेला गट नाही. ज्यांना जायचंय त्यांनी जमवायचं आणि कुठे जायचं ते डीएमला आधी कळवायचं. अट एकच पाळा, सेशन संपेपर्यंत सगळे गावात परत. अर्धे प्लेअर भुयारात लटकले की पुढचा रविवार गेलाच.

जुन्नर परिसरावर बेतलेला सँडबॉक्स जमेल? (मंचर)

उत्तम जमेल, आणि सुरुवात नाणेघाटापासून करा. कोकणातून वर यायची वाट, लेण्यात सातवाहनांचे ब्राह्मी लेख, माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, शेजारी जीवधन. घाट म्हणजे सँडबॉक्सची मान असते. माल तिथूनच जाणार, त्यामुळे जो घाट धरेल त्याच्याशी सगळ्यांना बोलावंच लागतं. तुमच्या पहिल्या सेशनला रांजण रिकामा आहे, आणि तीन टोळ्या म्हणतायत की जकात आम्हीच घेणार.